विलंब माफीचा अर्ज

आमच्या ऑफिसात माणूस ओरडत येतो. बांध कोरला, विहिरीवरची मोटर बंद पाडली, म्हातारीचा अंगठा फसवून घेतला, जमीन विकायचं साठेखत करून पैसे खाल्ले. आवाज चढलेला असतो, हात टेबलावर आपटत असतो. साहेब ऐकून घेतात, मधूनमधून फक्त तारखा विचारतात. संध्याकाळी तेच सगळं माझ्यापर्यंत येतं तेव्हा त्याचं असं झालेलं असतं: 'प्रतिवादी यांनी वादीचे मालकी व कब्जेवहिवाटीचे दावा मिळकतीत बेकायदेशीरपणे हरकत व अडथळा करणेस सुरुवात केली असून, सबब वादीस प्रस्तुतचा दावा दाखल करणे भाग पडले आहे.' आरडाओरडा गेला, शिव्या गेल्या, आईची शपथ गेली. उरले वादी, प्रतिवादी, गट नंबर आणि चतुःसीमा.

मी कोल्हापुरात दिवाणी कामं चालवणाऱ्या एका वकिलांकडे काम करते. डिक्टेशन, टायपिंग, तारखांची डायरी, फोन, स्कॅनिंग, ई-फायलिंग, आणि साहेब कोर्टातून येईपर्यंत बाकावर बसलेल्यांना चहा सांगणं. मुंबईत फोर्टातल्या मोठ्या ऑफिसांत या कामाला सेक्रेटरी म्हणत असतील. इथे मी 'टायपिंगच्या ताई'. कोर्टात जातात ते साहेब, ज्युनियर आणि कारकून मामा. मामा रोजनामा बघतात, नकलेचे अर्ज टाकतात, नाझरकडे पैसे भरतात. माझं कोर्टात जाणं क्वचितच होतं. ज्या दाव्याचा प्रत्येक कागद माझ्या हातून गेला, त्यातल्या न्यायाधीशांना मी पाहिलेलंसुद्धा नसतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण दिवाणी दावा चालतो तो मुख्यतः कागदावरच. 2002 पासून तर साक्षीदाराचा सरतपासही, म्हणजे त्याने आपल्या बाजूने सांगायचं तेही, शपथपत्रावर होतो, पिंजऱ्यात उभा राहून तो बोलतो ते उलटतपासात. म्हणजे त्याने कोर्टाला जे 'सांगितलं', ते काही दिवस आधी माझ्या कीबोर्डवरून गेलेलं असतं.

टायपिंग मी गोदरेजच्या मशीनवर शिकले, इंग्रजी चाळीस आणि मराठी तीसच्या परीक्षा दिल्या. गोदरेजने 2009 साली मशीन बनवणंच बंद केलं, पण बोटांना सवय त्याचीच. अजूनही माझा कीबोर्ड सगळ्या ऑफिसात ऐकू जातो, अशी ज्युनियर मुलींची तक्रार आहे. 1998 पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, त्यामुळे दावा मराठीत. प्रकरण हायकोर्टात गेलं की तेच इंग्रजीत. एकच बांध मी दोनदा कोरते.

सगळ्यात कटकटीचं पान म्हणजे वंशावळ. वाटपाच्या दाव्याला ती लागतेच. मूळ पुरुष वर, त्याखाली मुलं, त्यांच्या बायका, नातवंडं, कोण मयत, कोण हयात. वर्डमध्ये रेघा मारायच्या आणि एक नाव वाढलं की खालचं आख्खं घराणं पुढच्या पानावर. जुन्या फायलींतल्या वंशावळी बघितल्या तर मुली कुठेतरी कडेला असतात, काहींत तर नसतातच. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. त्यानंतर माझ्या रेघा बदलल्या. आता मुलगी मधोमध येते, आणि बऱ्याच दाव्यांत वादी क्रमांक एक तीच असते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पुढे जे लिहिलंय त्यात गावं, नाती, तपशील मी बदलले आहेत. अशिलाने वकिलाला सांगितलेलं वकिलाने बाहेर फोडायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जुन्या पुरावा कायद्यात त्याच्या लगेच पुढचं 127 वं कलम होतं, आणि ते वकिलांच्या कारकुनांना आणि नोकरांनाही हाच नियम लावत होतं. नव्या साक्ष अधिनियमात ही तरतूद 132 व्या कलमात आली आहे. कायद्याच्या एवढ्या पुस्तकांत आमच्यासारख्यांचा उल्लेख आला तो गप्प बसण्यासाठी, याची मला गंमत वाटते आणि थोडा अभिमानही.

तर तारखा. माझ्या टेबलावर दोन डायऱ्या असतात. एक साहेबांची, कुठल्या कोर्टात आज कुठलं काम ते सांगणारी. दुसरी माझी, मुदतीची. पहिलीत चूक झाली तर धावपळ होते. दुसरीत झाली तर माणसाची जमीन जाते. मुदतीचा कायदा 1963 चा आहे, आणि हक्क खरा की खोटा हे तो विचारतच नाही, तुम्ही आलात कधी एवढंच विचारतो. जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस, हायकोर्टात नव्वद. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागायला तीस. साठेखतावरून खरेदीपत्र मागायला तीन वर्षं, मालकीवरून कब्जा मागायला बारा. निकालाचा दिवस धरायचा नाही. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा करायचे. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं. नकलेच्या पानावर शिक्का असतो, त्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख. पक्षकार निकालाचं शेवटचं पान वाचतो, मी आधी तो शिक्का वाचते. हिशेब पूर्वी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून करायचे, आता एक्सेलमध्ये. एका तारखेतून दुसरी वजा केली की पहिला दिवस आपोआप गळतो. कायद्यालाही नेमकं तेच हवं असतं.

मूळ दाव्याला उशीर झाला तर माफी नाही. अपिलाला झाला तर त्याच मुदतीच्या कायद्याचं कलम 5 आहे, पुरेसं कारण दाखवा आणि विलंब माफ करून मागा. हाच तो अर्ज, ज्याच्याबद्दल मला मुळात लिहायचं होतं.

दावा, त्याला उत्तर म्हणून कैफियत, मनाई हुकमाचा निशाणी पाचचा अर्ज, त्यावरचं समोरच्याचं म्हणणं, सरतपासाचं शपथपत्र, एवढ्या कागदांत माणूस कसा जगतो याबद्दल कोर्ट काही विचारत नाही. मिळकत कुणाची, कब्जा कुणाचा, एवढंच. विलंब माफीच्या अर्जात मात्र कोर्ट स्वतःहून विचारतं, इतके दिवस होतात कुठे? मग सांगावं लागतं. ऊस गेला नव्हता. ऊस गेला पण कारखान्याचं बिल आलं नव्हतं, स्टँपला पैसे नव्हते. थोरली बाळंतपणाला आली होती. मुलगा दुबईला, कागद त्याच्या कपाटात. नवरा पॅरॅलिसिसने पडून. सगळ्या फायलीत घराचा दरवाजा उघडतो तो या दोन-तीन पानांपुरता, आणि तीच पानं टाईप करायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

अर्थात दार उघडलं तरी आत सगळे जातातच असं नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली ठरलेली कारणं आहेत, आणि त्यातलं पहिलं म्हणजे काविळ. आमच्या भागातल्या विलंब माफीच्या अर्जांवरून कुणी आरोग्याचा अहवाल काढला, तर अख्खा जिल्हा पिवळा दिसेल. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि 'सक्तीची विश्रांती'. साहेब स्वतः अशा दाखल्यांना नाक मुरडतात, आणि खरा आजार असेल तर मला दवाखान्याची बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड असं सगळं लावायला सांगतात, कारण खोट्या काविळींनी खऱ्या काविळीची पत घालवली आहे. दुसरं कारण 'निकालाची माहिती वेळेत मिळाली नाही', म्हणजे आधीच्या वकिलांनी कळवलं नाही. हे पुष्कळदा खरं असतं, पण साहेबांना लिहायला आवडत नाही. त्या वकिलांबरोबर रोज बार रूममध्ये चहा घ्यायचा असतो.

एके काळी प्रत्येक दिवसाचा उशीर समजावून सांगा, असा आग्रह धरला जायचा. 1987 साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याची चांगलीच फिरकी घेतली. प्रत्येक दिवसाचा म्हणता, मग प्रत्येक तासाचा का नको, प्रत्येक सेकंदाचा का नको? मुद्दाम उशीर करून पक्षकाराला काही मिळत नाही, उलट त्याचंच नुकसान होण्याची भीती असते, असंही त्यात म्हटलंय. आमच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाच्या युक्तिवादाबरोबर हा निवाडा जातो. समोरची बाजू सरकारी असेल तर साहेब आणखी एक काढतात, 2012 चा. टपाल खात्याने अपिलाला 427 दिवस उशीर केला होता, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती, हे त्यांचं कारण. सुप्रीम कोर्टाने ते ऐकलं नाही. पत्रं पोचवणारं खातं आणि अपील पोचवायला 427 दिवस. हे पान झेरॉक्स करताना मी दर वेळी हसते.

ठरलेल्या कारणांपलीकडे जी खरी असतात ती अर्जात बसत नाहीत, असं माझं मत बनलंय. हरल्याची लाज हे एक. गावात तोंड दाखवायचं नाही म्हणून माणूस दोन महिने घरातून निघत नाही, आणि ते 'सयुक्तिक कारण' होत नाही. थकवा हे दुसरं. बारा-पंधरा वर्षं दावा चालवून हरलेला माणूस निकालाची नक्कल पिशवीत घालून ठेवतो आणि पिशवी खुंटीला लावतो. मग केव्हातरी मुलगा किंवा सून ती उघडते आणि आमच्याकडे घेऊन येते. 'एवढे दिवस काय केलंत?' असं साहेब विचारतात तेव्हा म्हातारा माझ्याकडे बघतो, जसं काही मला ते आधीच माहीत आहे. बहुतेक वेळा असतंही, कारण साहेब येईपर्यंतच्या तासाभरात बाकावर बसून त्याने ते मला सांगितलेलं असतं.

मुदतीचा सर्वांत कठोर हिशेब माणूस गेल्यावरचा. चालू दाव्यात वादी किंवा प्रतिवादी वारला, तर नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, कोर्टाच्या भाषेत ॲबेट होतो. तो पुन्हा उभा करायला आणखी साठ दिवस, त्यानंतर परत कलम 5. त्यामुळे कुणी गेल्याचं कळलं की डायरीत तारीख लिहिणारी पहिली मीच. तेरावा होऊ देते, मग फोन करते. मृत्यूचा दाखला आणा, वारसांची नावं, वयं, पत्ते सांगा, लग्न झालेल्या मुलींचे सासरचे पत्तेसुद्धा. पलीकडची बाई रडत असते आणि मी विचारत असते, धाकटीचं आडनाव आता काय? त्यानंतर दाव्याच्या शीर्षकात 'मयत प्रतिवादी नं. 3 चे वारस' असं येऊन खाली 3अ, 3ब, 3क सुरू होतात. बायको 3अ. पुढे ती ऑफिसात आली की मामा तिला नावाने हाक मारतात, पण फाईल काढताना माझ्या तोंडून '3अ आल्यात' असं निघतं. एकदा एका काकूंनी ते ऐकलं. 'बरंय, मालक तीन नंबर हुते, मी त्येंच्याच नंबरात हाय अजून,' म्हणाल्या.

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर आमच्याकडे पुराचे अर्ज आले. शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस पाण्याखाली होता, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं उठून शाळांत आणि मंगल कार्यालयांत गेली होती. त्या अर्जांना काविळीची गरज नव्हती. तलाठ्याचा पंचनामा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो, आणि एकाने तर चिखलाने घट्ट झालेली निकालाची नक्कलच आणली होती. ती स्कॅन होईना, मग नवी नक्कल काढली.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा मात्र मी पुराचा एकही अर्ज टाईप केला नाही. कारण तो पूर आला तेव्हा दिवस मोजणंच बंद होतं. 23 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेऊन मुदती थांबवल्या, आणि अखेरच्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 एवढा काळ हिशेबातून काढून टाकला. वर 1 मार्च 2022 पासून नव्वद दिवसांची सवड दिली. कारण विचारलं नाही, दाखला मागितला नाही. ज्यांच्या घरात दोन-दोन माणसं गेली त्यांना आणि ज्यांना साधा खोकलाही झाला नाही त्यांना सारखेच दिवस. मी अर्जात एक ओळ टाकायचे आणि पुढे जायचे. सोय झाली यात शंका नाही. पण त्या दोन वर्षांत आमच्या भागात काय काय झालं, ते एकाही विलंब माफीच्या अर्जात लिहिलं गेलं नाही, हेही आहेच.

माझ्याकडे एक तयार परिच्छेद होता, हायकोर्टातल्या दुसऱ्या अपिलांसाठी. अर्जदार हे ग्रामीण भागातील शेतकरी असून मुंबईस जाऊन वकील नेमणे, कागदपत्रे पोहोचवणे व खर्चाची तजवीज करणे यात वेळ गेला, अशा अर्थाचा, इंग्रजीत. तो खराच होता. कागदांचा गठ्ठा बांधून पक्षकाराला महालक्ष्मी एक्सप्रेसला बसवायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून मुंबईच्या वकिलांचं ऑफिस कसं गाठायचं ते कागदावर लिहून द्यायचं. एखादा दस्त राहिला की पुन्हा तेच. हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात यावं म्हणून इथल्या वकिलांनी चाळीसएक वर्षं आंदोलनं केली, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. आता मामा चालत जाऊन हायकोर्टाच्या ऑफिसने कागदांवर घेतलेली ऑब्जेक्शनं काढून येतात. माझा परिच्छेद जुन्या निकालांना थोडे दिवस चालेल, मग काढून टाकायचा. सोलापूरचे पक्षकार म्हणतात, आमाला कोल्हापूरबी लांबच की. पण मुंबईएवढं नाही.

अलीकडचा एक अर्ज सांगते. एक आज्जी, वडिलांच्या जमिनीत वाटप मागितलेलं, दावा नामंजूर झाला. जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस, त्या आल्या मे महिना उजाडल्यावर. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आजारी होता का? 'न्हाई, धडधाकट हुतो.' पैसे नव्हते? 'हुतं की.' मग?

'निकाल लागला आन् पंध्रा दिसांत दिवाळी. भाऊबीजेला त्यो आलता. दावा लावल्यापास्नं पाऊल टाकलं नव्हतं त्येनं. साडी आनली, ताटात पाश्शे घातलं. ववाळलं मी. आता ववाळल्यावर त्येच्यावरच वर कोर्टात जायाचं म्हंजी कसं हो सायेब?'

मग आता का आलात, तर गुढीपाडव्याच्या सुमाराला भावाच्या मुलाने त्यांच्या दारावरून शेतात पाईपलाईन नेली आणि विचारलंसुद्धा नाही.

साहेब बराच वेळ पेन फिरवत बसले. मग डिक्टेशन सुरू केलं. 'अर्जदार व जाबदेणार हे सख्खे बहीण-भाऊ असून, निकालानंतर उभयतांमध्ये आपसात तडजोड होणेची शक्यता निर्माण झाली होती...' मी हात थांबवून विचारलं, साहेब, भाऊबीज घालायची का? ते म्हणाले, कोर्टाला काय करायचीय भाऊबीज. परत दोन ओळींनी थांबले, म्हणाले, घाल. मग अर्जाचं कलम 4 असं झालं: 'निकालानंतरच्या भाऊबीजेनिमित्त जाबदेणार हे अर्जदार यांचे राहते घरी आले होते व अर्जदार यांस साडीचोळी दिली होती.' मी आजवर टाईप केलेल्या कलमांत ते मला सर्वांत आवडतं.

गेल्या महिन्यात भावाच्या वकिलांनी म्हणणं दाखल केलं. ठरावीक मसुदा, आम्हीही तोच वापरतो. 'अर्जाचे कलम 4 मधील मजकूर खोटा, खोडसाळ व बनावट असून तो जाबदेणार यांस मान्य व कबूल नाही.' आज्जींनी फोनवर ते मला दोनदा वाचायला लावलं.

'म्हंजी त्यो आलाच न्हाई म्हंतोय?'

सगळ्याच कलमांना तसं लिहितात आज्जी, म्हटलं, वकील लिहितात, त्यांनी वाचलंही नसेल.

'आन् साडी? ती हाय की माज्याकडं. कोर्टात घिऊन येऊ?'

दस्तऐवज यादीला साडी लावता येत नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. तारीख दिवाळीनंतरची लागली आहे.